वाटे घालणाऱ्याचा वाटा

‘साहेब मासे घेत नाहीत,’ असं हिरालाल फाटकाशी कुणाला तरी म्हणाला, आणि त्यावर जी बाई बोलली तिचा आवाज मी ओळखला. झालं ते एवढंच. शुक्रवारची सकाळ, चौऱ्याऐंशी सालचा एप्रिल. भंडाऱ्यात तेव्हा नऊ वाजताच अंगण पांढरंफटक पडतं आणि कावळेसुद्धा चोच वासून बसतात. मी खिडकीशी टेबलावर रविवारचं प्रवचन लिहीत होतो. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, विषय दरवर्षीचाच. देवानं स्वतःला रिकामं केलं, वैभव सोडलं, अधिकार सोडला, चाकर झाला, माणसांतला एक झाला. यावर मी बरं बोलतो. नागपूरची मंडळीसुद्धा म्हणतात, वलथरे पाळक या विषयावर बोलायला लागले की वीज गेलेली कळत नाही. तर ‘रिकामं केलं’ हे शब्द लिहून मी त्याखाली रेघ मारत होतो, आणि बाहेर शकुनबाई, माझी सख्खी थोरली बहीण, चर्चच्या चौकीदाराला सांगत होती, ‘विकाले नाई आलो गा बापा. साहेबाले भेटाचं होतं.’ साहेबाले. भावाले नाही. ‘भाऊ’ म्हणाली असती तर हिरालालनं फाटक उघडलं असतं, पाणी दिलं असतं, आणि दुपारपर्यंत अख्ख्या कंपाउंडला कळलं असतं की पाळकसाहेबांची बहीण डोक्यावर मासळीची टोपली घेऊन फिरते. तिनं माझी लाज राखली. मी न सांगता राखली.

मी उठलो नाही. कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा. पेन हातात, डोळे कागदावर आणि कान फाटकाशी, असा बसून राहिलो. मनात काय चाललं होतं म्हणाल तर काही थोर नाही. प्रवचन अर्धं राहील. बायको शाळेत गेली आहे, चहा कोण टाकणार. हिरालाल विचारेल कोण होती, त्याला काय सांगायचं. असली किरकोळ कारणं. मोठं पाप करायला मोठं कारण लागतं असं मी बरीच वर्षं व्यासपीठावरून सांगत आलो, पण छे, पंख्याखालून उठायचा कंटाळासुद्धा पुरतो. पाच मिनिटं गेली असतील. चांगली पाच मिनिटं. मग कागदावरची रेघ शब्दाच्या पुढे कुठल्या कुठे गेलेली दिसली, आणि मी उठलो, चपला शोधल्या, बाहेर आलो. फाटकाशी कुणी नव्हतं. ‘एक ढिवरीण आली होती साहेब,’ हिरालाल म्हणाला, ‘उद्या बोडी निघते, एवढं सांगजो म्हणे. कोणती बोडी?’ ‘मला काय माहीत!’ मी त्याच्यावर खेकसलो. बिचारा. त्याचा काय दोष? मी या गावात पंधरा वर्षं आहे आणि माझं गाव कोणतं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी सायकल काढली आणि एस.टी. स्टँडकडे मारत सुटलो.

करडीच्या गाडीच्या जागी, भिंतीच्या सावलीत ती बसली होती, टोपली बाजूला. ‘बाई,’ मी धापा टाकत म्हणालो, ‘थांबाचं नाई का थोडं? मी येतच होतो.’ तिच्याशी बोलताना माझी जीभ तीन शब्दांत गावी जाते, हा माझा जुनाच वैताग. तिनं वर पाहिलं. ‘तू लिवून रायला होता. खिडकीतून दिसला मले.’ बस्स. रुसवा नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो. पाळक झालो तरी तोंड ढिवराचंच आहे. पण तिनं पदरानं शेजारची फरशी पुसली आणि मला जागा केली. बसलो. मग तिनं जे सांगितलं ते सरळ होतं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या साली बोडी, म्हणजे आमचं मासळीचं तळं, निघालीच नाही, पाण्यावरून भांडण झालं. यंदा निघते आहे, पण वाटे घालायला कुणी नाही, आणि वस्तीतला बाबुलाल म्हणतो आता चुली मोजायच्या नाहीत, हात मोजायचे. जेवढे गड्यांचे हात जाळं ओढतील तेवढे वाटे, बायांचे धरायचे नाहीत. बाबुलालच्या घरी तीन जवान पोरं. आणि शकुनबाईच्या घरी कोण? नवरा मेल्यावर ती बापाच्या घरी परत आली, पोरबाळ नाही. तिथं ती एकटी आणि बाबांची मागे राहिलेली बिडीची डबी. ‘एक डाव वाटा पडला नाई का चूल तुटली बोडीतून,’ ती म्हणाली. ‘मंग पुढल्या साली कोण नाव घेते? पावसाळ्यात काय खाऊ मी, माती? तू येऊन बाबाच्या जागी बसला, तं बाबुलाल नाई म्हणत नाई. तोच बोल्ला पंचात, सोमाजीचा बुधराम येत असन तं चुली मोजू, नाई तं हात.’ ‘असं बोलला?’ ‘तू येत नाई हे त्याले ठाऊक हाय ना. म्हणून बोल्ला.’ मी म्हणालो, उद्या शनिवार, परवा झावळ्यांचा रविवार, मंडळी येणार, प्रवचन अर्धं आहे, आणि बाई, मी पंचवीस वर्षांत माशाला हात लावलेला नाही. ती ऐकत राहिली. गाडी लागली तशी उठली. ‘नाई जमत तं नोको येऊ. सांगून पाह्यलं,’ म्हणाली आणि टोपली घेऊन चढली. खिडकीतून तिनं हात केला नाही, पण मीही कुठं केला.

दुपारभर टेबलाशी बसलो आणि एक ओळ लिहिली नाही. आमच्या टोल्यावर, ढिवरांच्या त्या वस्तीत, एकवीस चुली. उन्हाळ्यात बोडी तळाला जाते, उरलेलं पाणी पाळीखालच्या तुडुमातून, बांधाच्या मोरीतून, सोडून देतात, गुडघाभर गढूळ पाणी राहतं तेव्हा सगळा टोला जाळी घेऊन उतरतो आणि वर्षभराचे मासे एका दिवसात निघतात. सगळ्यांचा मिळून एक ढीग. मग भाताच्या तणसाच्या पेंढ्या सोडून एक लांब पट्टा अंथरायचा आणि त्यावर वाटे घालायचे, चुलीमागे एक. घरात दहा माणसं असोत की एक रांडमुंड बाई असो, चूल पेटते ना, मग वाटा एक. हे बाबा करायचे. तागडी नाही, माप नाही. आधी मोठे रोहू-कटले फिरवायचे, मग मरळ-मागूर, मग झिंग्यांच्या ओंजळी. उकिडवे बसून, सरकत सरकत, तोंडातून शब्द नाही. आणि वाटे घालून झाले की आधी बाकी सगळे उचलणार, ज्याला जो आवडेल तो. घालणाऱ्यानं सर्वांत मागून, जो राहील तो उचलायचा. मी सहा-सात वर्षांचा असताना हे मला भारी अन्यायाचं वाटायचं. सगळ्यांचं करतो आमचा बाप आणि उरलेलं आम्हाला! शकुनबाईला विचारलं तर ती म्हणाली, गप रे, मासा मासाच असते.

नवव्या वर्षी मला विषमज्वर झाला. बाबांनी खांद्यावर टाकून मला भंडाऱ्याच्या मिशनच्या दवाखान्यात आणलं, तिथून मी बरा होऊन निघालो तो थेट बोर्डिंगात. दर रविवारी बाबा भेटायला यायचे. टोपली घेऊन, सुकवलेले झिंगे पानात बांधून. पोरं मला ‘झिंग्या’ म्हणायला लागली. बारा वर्षांचा असेन, फाटकाशी मी त्यांना म्हणालो, बाबा, टोपली घेऊन नोको येत जाऊ. पुढच्या रविवारी ते आले ते अंगाला साबण घासघासून, कुणाचं तरी पांढरं धोतर मागून नेसून, हात मोकळे. चिंचेखाली बसले माझ्याबरोबर आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. कधी गुडघ्यावर ठेवत, कधी काखेत घालत. मी खूष होतो. आज चव्वेचाळिसाव्या वर्षी, कोऱ्या कागदासमोर बसून, मला ते हात दिसले आणि मी टेबलावर डोकं टेकून रडलो, चांगला हमसून रडलो, मग उठून तोंड धुतलं. बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. तेव्हाही ते आले, शेवटच्या बाकावर बसले, भांडले नाहीत. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, ‘तुया देवाचे सोबती मासोया धरत होते म्हणते, खरं का?’ ‘खरं.’ ‘मंग वाटे कोण घाले?’ मी हसलो. पुढे जबलपूरला चार वर्षं धर्मशास्त्र शिकलो, वसतिगृहात मध्यरात्रीपर्यंत वाद घातले. देवानं माणूस होताना नेमकं काय काय सोडलं? सर्वज्ञता सोडली की नुसती झाकून ठेवली? सामर्थ्य सोडलं की वापरलं नाही? केवढी मोठी यादी केली होती आम्ही. बाबांचा प्रश्न मात्र तिथं कुणी काढला नाही, आणि मीही काढला नाही. मी जाईन असं त्या संध्याकाळी ठरवलं का? ठरवलं असं म्हणवत नाही. बायकोला एवढंच म्हणालो की उद्या पहिल्या गाडीनं करडीला जातोय. ती मूळची नागपूरची. तिनं विचारलं, कुणाचं काही झालं का? म्हटलं, नाही, मासे निघताहेत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं काही तापच आलाय मला.

पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. पाळीवर उभा राहून खाली पाहिलं. सगळी बोडी माणसांनी भरलेली. चिखल उडतोय, बाया ओरडताहेत, पोरं मागूर दाबायला धावताहेत, आणि तो वास. तो वास नाकात शिरला आणि मी पुन्हा बोर्डिंगच्या फाटकात उभा. परत जावं, अजून साडेदहाची गाडी मिळेल, असं खरंच मनात आलं. तेवढ्यात बाबुलालनं मला पाहिलं. उघडाबंब, डोळे लाल, कमरेपर्यंत चिखल. ‘आलात का साहेब! या. चपला तिकडेच ठेवा, हरवाच्या.’ कुणीतरी खिदळलं. शकुनबाई जाळ्याच्या दोरीशी होती, तिनं नुसतं पाहिलं आणि पुन्हा दोरीला हात घातला. मी पँट दुमडली. मग उतरलोच. बोटांच्या फटींतून तो थंड गाळ वर आला तेव्हा मला शिसारी येईल असं वाटलं होतं, आली नाही. पायांना सगळं आठवत होतं. माझं मलाच हसू आलं, लोकांदेखत.

दुपारी ढीग लागला. तणस अंथरलं गेलं. मी बाबांच्या जागी उकिडवा बसलो. गुडघे कडकडले, ते ऐकून पुन्हा हशा. आणि मी वाटे घालायला लागलो. आता माझी चूक सांगतो. मला ती चूक वाटली नाही, उलट फार सुंदर काहीतरी करतोय असंच वाटत होतं. मी मनाशी म्हटलं, बुधराम, तू इथून काही घेऊन जायचं नाही. नुसतं द्यायचं. हेच तर रिकामं होणं. पहिला वाटा शकुनबाईचा म्हणून वेगळा काढला, त्यात एक बरासा कटला टाकला, कारण मी तर घेणारच नव्हतो, मग माझा हिस्सा तिला गेला तर कुणाचं काय जातं? बाकीचे वीस भराभर घातले. ऊन डोक्यावर, पाठ धरलेली, प्रवचन अर्धं, आणि मनात मात्र एक गोड गोड कढ. डोळे भरून आले होते माझे. उभा राहिलो आणि जाहीर केलं, ‘हे एकवीस वाटे. हा पहिला आमच्या बाईचा. मले काही नोको.’ व्यासपीठावरचा आवाज लागला होता. पाळीपर्यंत गेला असेल.

रुखमाआजी टोल्यातली सगळ्यांत म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. तिला धरून आणलं, कारण पहिला हात तिचा. तिनं पहिल्या वाट्यात हात घातला, चाचपला. दुसऱ्यात घातला. सातव्यात घातला. मग ताठ झाली. ‘कोणं घातले हे वाटे? झोपीत घातले का गा? इथं दोन रोहू, इथं नुस्ता गाळ. सोमाजी मेला तं मेला, अक्कलही नेली सोबत?’ मी म्हणालो, आजी, थोडं इकडे तिकडे झालं असेल. ‘थोडं!’ म्हातारी कडाडली. ‘तुया वाटा कोणता?’ ‘मी घेत नाई, आजी.’ ‘अन् मागून कोण उचलंल?’ ‘बाई उचलेल.’ ‘काहून? तिनं घातले का?’ आता बाबुलाल पुढे आला, आणि हे सांगायला हवं की तो ओरडला नाही, समजावल्यासारखं बोलला. ‘साहेब, ज्याले मागून उचलाचं नाई, त्याचा हात सारका कसा पडन? कोणता वाटा लहान झाला तरी तुमाले काय? तुमी तं गाडीत बसून चालले. हे वाटे नाई, हा धर्म करणं झालं. आमी काय भिकारी होतो का?’ मग शकुनबाईकडे न बघता म्हणाला, ‘अन् घालणाऱ्याच्या घरचा वाटा तो घालणाऱ्याचाच. सोमाजीचं घर एक, चूल एक. तुमी घेत नाई, म्हणजे त्या घराचा वाटा नाई. आपण बोललो होतो तसंच, हात मोजा मंग.’

मी शकुनबाईकडे पाहिलं. ती खाली बघत होती, दोरीनं सोललेले तळहात लुगड्याला पुसत होती. दान म्हणून मी तिला जे दिलं होतं, त्यानंच तिची चूल तुटत होती. राग आला, खरं सांगतो, बाबुलालचा नाही आणि म्हातारीचा तर नाहीच. माझा, माझ्या त्या गोड कढाचा. केवढा मोठेपणा घेऊन उतरलो होतो मी त्या चिखलात! चपला काढल्या, पँट दुमडली, सगळं सोडलं, आणि ‘मी तुमच्यातला नाही’ एवढं मात्र घट्ट धरून ठेवलं. न घेण्यात केवढा तोरा असतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी म्हणालो, ‘मोडा वाटे. ढीग करा पुन्हा. मी घालतो.’ ‘अन् तुमचा?’ बाबुलालनं विचारलं. ‘माझा हाय,’ मी म्हणालो. ‘मागून उचलतो. राहील तो.’ बाबुलाल म्हातारीकडे बघत राहिला. तिनं हवेत हात उडवला. ‘घालू दे गा. पह्यल्या डावाले तं सोमाजीनंही चुकवले होते. त्याच्या बापानं टाळक्यात हाणली होती.’

वाटे मोडले. मासे पुन्हा ढिगात गेले, आणि मी पुन्हा उकिडवा बसलो. आणि मग काय झालं ते नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. मला मासे दिसायला लागले. पहिल्या खेपेला ते नुसते मासे होते. आता हा रोहू भरलेला, हा नुसता लांब, या मरळीची शेपटी फाटलेली, या ओंजळीत झिंगे कमी आणि गवत जास्त, असं एकेक दिसायला लागलं. कारण भीती वाटत होती. साधी, पोटातली भीती: यातला सगळ्यांत वाईट जो असेल तो माझा, आणि माझा म्हणजे बाईचा, आणि त्यावर तिचा पावसाळा. म्हणून कुठलाच वाईट राहता कामा नये. एका वाट्यातला मागूर उचलून मी दुसऱ्यात टाकला, मग पाहिलं, मग परत आणला. कपाळावरचा घाम माशांवर पडत होता. हाव सुटली, तीही खोटी नाही. तो बरासा कटला पुन्हा हाताशी आला तेव्हा वाटलं, कडेच्या वाट्यात सरकवावा, तो कुणी उचलणार नाही. सरकवला नाही. चार वर्षं आम्ही जबलपूरला बसून देवानं काय काय सोडलं त्याची यादी करत राहिलो, आणि त्यानं घेतलं काय हे विचारायचं राहूनच गेलं. घेतलीच असणार त्यानं ही भीती. ही भूक. वरून वाटून निघून गेला नसेल तो. सगळ्यांचं उचलून होईपर्यंत तणसावर बसून राहिला असेल, आपल्याला काय उरतंय ते बघत. हे सुचलं तेव्हा माझा हात थांबला नाही, हे विशेष. झिंग्यांची ओंजळ अर्धी इकडे, अर्धी तिकडे केली आणि पुढे सरकलो.

एकवीस झाले. उठता येईना, बाबुलालच्या थोरल्या पोरानं काखेत हात घालून उभं केलं. म्हातारी पुन्हा वाकली. पहिला चाचपला, पाचवा, अकरावा, मग उलट्या दिशेनं सतरावा. ‘हूं,’ ती म्हणाली, आणि जवळ होता तो पहिलाच उचलून टोपलीत टाकला. निवडलासुद्धा नाही! मग ओळीनं घरं पुढे यायला लागली. मी उभा होतो आणि वाटे कमी होत होते. पंधरा राहिले, दहा राहिले. बाराव्या घरची सून दोन वाट्यांत घुटमळली, हा घेऊ की तो, आणि माझा जीव टांगणीला; मग तीच हसली, ‘सारकेच हायेत वो माय,’ आणि एक घेऊन गेली. बाबुलाल शेवटून दुसरा आला. समोर दोनच वाटे. त्यानं दोन्हींकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. काय चाललं होतं त्याच्या मनात मला ठाऊक नाही. मग वाकून त्यातला एक भरून घेतला आणि मागे सरला.

तणसावर एक वाटा राहिला. दोन मध्यम रोहू, एक फाटक्या शेपटीची मरळ, तीन मागूर, दोन ओंजळी झिंगे. बाकीच्यांहून कमी नव्हता, जास्तही नव्हता. मी वाकलो. ओल्या, गार, निसटत्या माशांना दोन्ही हातांनी धरलं आणि बाईच्या टोपलीत ठेवलं, मग झिंगे गोळा केले, तणसात अडकलेला एकेक झिंगा वेचून घेतला, कारण आता तो माझा होता. ताठ झालो तर सगळे माझ्याकडे बघत उभे. कुणी जात का नाही, मला कळेना. बाबुलालनं घसा साफ केला. साहेब म्हणाला नाही. ‘बुधराम सोमाजी,’ तो मोठ्यानं म्हणाला, ‘वाटा उचलला का?’ घालणाऱ्यानं उत्तर दिल्याशिवाय वाटणी मिटत नाही, हे मी पार विसरलो होतो. ‘उचलला,’ कसाबसा म्हणालो. ‘मिटली मंग,’ बाबुलाल म्हणाला, ‘पुढल्या साली अक्षयतृतीयेच्या अगोदर येजो, उशीर करजो नोको.’ आणि एकदम कालवा सुरू झाला, टोपल्या डोक्यावर चढल्या, पोरं भांडायला लागली, म्हातारी कुणाला तरी शिव्या द्यायला लागली.

शकुनबाई टोपली घेऊन पाळ चढायला लागली. मी मागे. पायांवरचा गाळ वाळून कातडी ओढत होती, हातांना वास मारत होता. अर्ध्या चढावर ती थांबली, वळली, आणि कालपासून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळे ओले होते तिचे, पण बोलली ते असं: ‘भूक लागली असन तुले.’

आणि खरंच, मला भूक लागली होती. सडकून लागली होती.